चंद्रीचा खुंटा

कर्ज मिळवणं अवघड असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्या सासऱ्यांना कर्ज परत करून दाखवावं. बँका, पतपेढ्या, झालंच तर मोबाईलवर दोन मिनिटांत पैसे देणारे ते अदृश्य लोक, हे सगळे वसुलीसाठी माणसाच्या मागे लागतात. आमच्याकडे गंगा उलटी वाहते. मी पैसे घेऊन मागे आणि सासरे पुढे पळताहेत, असा आमचा गेले काही महिने कार्यक्रम चालला होता. बरं, सासरे सत्तरीचे आणि गुडघे दुखणारे, तरी मला सापडले नाहीत.

मी दौंडला एका खासगी वजनकाट्यावर कारकून आहे. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं. माल उतरवून तीच गाडी मोकळी परत आली की पुन्हा वजन घ्यायचं, एकातून एक वजा करायचं आणि निव्वळ वजनाची पावती फाडायची. दिवसभर वजाबाकी करणाऱ्या माणसाच्या हातात महिन्याअखेर काय उरणार, हे वेगळं सांगायला नको. पगार पंधरा हजारांच्या आसपास घुटमळतो. मालकाला वाढीचं विचारलं की तो म्हणतो, "ज्ञानू, काट्याकडं बघ. कसा जिथल्या तिथं स्थिर असतो. माणसानं असं असावं."

आता देण्याची हकीकत. आमची प्रांजल तिच्या आजोळी, म्हणजे मांडवगण फराट्याला जन्मायची होती. पण तिला घाई. पोरगी वेळेच्या बरीच आधी आली आणि डॉक्टरांनी तिला काचेच्या पेटीत ठेवलं. त्या पेटीचं दिवसाचं भाडं चांगल्या हॉटेलातल्या खोलीसारखं होतं, आणि पाहुणी काही लवकर खोली सोडायला तयार नव्हती. मी खिसे चाचपत काउंटरपाशी उभा होतो, तेवढ्यात सासरे आले. त्यांचं नाव सर्जेराव, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी टॉवेलात बांधलेली पुरचुंडी काउंटरवर ठेवली. सत्तर हजार होते. "झेंडूचं पैसं आल्यात," एवढंच म्हणाले.

पोरगी घरी आली, बाळसं धरलं, सगळं छान झालं. बारशाला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या वर्षी झेंडूला भावच नव्हता आणि गोठा रिकामा होता. चंद्री नावाची कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस तिथे असायची. ती राहू गावच्या एका माणसाला विकली होती. गोठ्यात तिचा खुंटा तेवढा राहिला होता, माणसांच्या हातांनी आणि दाव्याच्या घासण्यानं गुळगुळीत झालेला.

सासूबाई, म्हणजे साखरबाई मामी, याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त चहा देताना म्हणाल्या, "पिशवीच्या दुधाचा च्या म्हंजी रंग बदलल्यालं पाणी. गोड मानून घ्या, जावईबापू." पण शितलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, पहाटे बघितलं. मामी सवयीनं धारेची चरवी घेऊन गोठ्यापर्यंत गेल्या, खुंट्यापाशी थांबल्या आणि रिकामी चरवी घेऊन परत आल्या. हे म्हणे रोजचंच होतं. मी त्या दिवशी ठरवलं, की मामांचे पैसे परत करायचे आणि त्या गोठ्यात चंद्री परत आणायची.

ठरवायला पैसे पडत नाहीत म्हणून ते लगेच जमलं. पुढचं अवघड होतं. पंधरा हजारांत भाडं, दूध, दवा आणि प्रांजलची बिस्किटं भागवून सत्तर हजार साठवायचे म्हणजे काय करायचं, यावर शेजारच्या अप्पांनी माझं बौद्धिक घेतलं. अप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेत आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांकडे ते शेवटच्या डब्यातून बघतात. "ज्ञानू, पैसा कुठं गळतो ते बघ. लाल सिग्नल दाखव," असं म्हणाले. मी टपरीवरच्या चहाला लाल सिग्नल दाखवला. मग केस कापायचे पैसे वाचवायचे म्हणून शितलच्या हातात कात्री दिली. त्यानंतर मी महिनाभर काट्यावर टोपी घालून बसलो, आणि एका ट्रकवाल्यानं "कुणी वारलं का घरात?" असं फार हळुवारपणे विचारलं. मी "हो" म्हणालो. स्वाभिमान वारला होता, ते काही खोटं नव्हतं.

खरा आधार भिशीचा. बाजारपेठेतल्या आम्ही काही जणांनी भिशी लावली होती. महिन्याला पैसे भरायचे आणि चिठ्ठी निघेल त्यानं सगळे उचलायचे. माझी चिठ्ठी सगळ्यात शेवटी निघाली. हे माझ्या नशिबाला धरूनच होतं, पण त्यामुळे पैसे वाटेत खर्च झाले नाहीत, हेही तितकंच खरं. त्यात डब्यातली शिल्लक घातली आणि सत्तर हजार पुरे झाले. शितलनं ते मामांच्या त्याच जुन्या टॉवेलात बांधले. टॉवेल तिनं जपून ठेवला होता.

रविवारी आम्ही मांडवगणला गेलो. मामा ओट्यावर वांगी निवडत बसले होते. मी पुरचुंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मामा, हे तुमचे पैसे."

"कसलं पैसं?"

"दवाखान्याचे."

मामांनी पुरचुंडी वांग्यांपासून दूर सरकवली, जणू तिच्यात अळी होती. "पहिलं बाळंतपण माह्यारचं असतंय, जावईबापू. त्याचं पैसं कुणी परत घेतंय व्हय?"

"बाळंतपण माहेरचं, मान्य. पण पेटीचा खर्च बापाचा."

"पेटी काय बाळंतपणाच्या भायेर हाय?"

हा प्रश्न घटनात्मक होता. मामांनी न्यायनिवाड्यासाठी शेजारच्या नकुशीआजीला हाक मारली. गावात कुठल्या लग्नात कुणी काय द्यायचं आणि कुणी काय घ्यायचं, यात तिचा शब्द शेवटचा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "त्या पेटीत असतंय काय?"

"ऊब असते, आजी. आत दिवा असतो."

"मंग ती शेगडीच झाली की. बाळ-बाळंतिणीची शेक-शेगडी माह्यारची. आमच्या टायमाला गवऱ्यांची व्हती, तुमची काचंची. उचला पैसं."

निकाल लागला. अपील नव्हतं. आम्ही परत निघालो तेव्हा पुरचुंडी जशीच्या तशी होती. वर एक गोणी कांदा, पाटीभर वांगी आणि प्रांजलच्या मुठीत पाचशेची नोट. म्हणजे देणं पाचशेनं वाढलं, शिवाय कांदा वेगळा. एसटीत त्या गोणीवर बसून मी शितलला म्हणालो, "दर आठवड्याला असे पैसे फेडायला आलो, तर वर्षभरात आपण बुडू."

मग मी आधुनिक मार्ग धरला. मामांचा खाते क्रमांक शितलकडे होता. मी पैसे माझ्या खात्यात भरले आणि एका सकाळी फोनवरून परस्पर त्यांच्या खात्यात पाठवून दिले. काम फत्ते! त्या दिवशी टपरीला हिरवा सिग्नल दाखवून मी चहासुद्धा प्यालो.

त्याच आठवड्यात मांडवगणच्या ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून जाहीर केलं होतं, की ऑनलाइन भामट्यांपासून सावध राहा. हे मला कुठून माहीत असणार? मामांच्या फोनवर सत्तर हजारांचा मेसेज आला. ते पहिल्या गाडीनं शिरूरला गेले, बँकेत शिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या खात्यात चोरीचं पैसं आल्यात. मला पकडायच्या आत काढून घ्या!"

बँकेतून मला फोन आला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी शिरूरला. बिनपगारी रजा, हे ओघानं आलंच. साहेबांच्या खुर्चीवर सविता मॅडम नावाच्या शांत बाई होत्या. त्यांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, पोलीस बसवतात तसं.

"आजोबा, यांना ओळखता?"

"वळखतो की. माझा जावई हाय."

"पैसे यांनीच पाठवलेत. मग तक्रार काय आहे?"

"हीच की! जावयानं पाठवल्यात!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळल्या. "पैसे परत हवे असतील तर चुकून पाठवले असा अर्ज द्या."

"चुकून नाही पाठवले. मुद्दाम पाठवलेत."

"मुद्दाम पाठवले तर परत कशाला मागताय?"

"मी मागत नाही. ते देताहेत."

"मग आजोबांनी परत पाठवायची स्लिप भरावी."

"मी कशाला पाठवू?" मामा उसळले. "मी कुठं मागितलं व्हतं? ज्यानं पाठवलं त्यानं न्यावं!"

मागच्या रांगेत आता हा खटला ऐकायला गर्दी जमली होती. एक जण म्हणाला, "मॅडम, दोघांनाबी नको असतील तर माझा नंबर लिहून घ्या." शेवटी मी अर्ज लिहिला, की मी, काट्यावरचा कारकून, शुद्धीवर असताना ही रक्कम चुकून सासऱ्यांना पाठवली. दिवसभर लोकांची वजनं अचूक लिहिणाऱ्या माणसाला हे स्वतःच्या सहीनं लिहून द्यावं लागलं. निघताना मॅडम मामांना हळूच म्हणाल्या, "आजोबा, माझ्या जावयाला आणू का तुमच्या जावयाकडं शिकायला?" मामा लाजले.

बाहेर आल्यावर मामांनी मला भेळ खाऊ घातली आणि प्रांजलला फ्रॉक घेतला. दोन्हीचे पैसे त्यांनी दिले. मी नुसता हिशेब वाढताना बघत होतो. भेळ खाता खाता त्यांनी माझा डावा हात धरला, कागदाच्या पुड्याचा दोरा माझ्या करंगळीशेजारच्या बोटाला गुंडाळला, गाठ मारली आणि दोरा खिशात घातला. मी विचारलं, "हे काय, मामा?"

"काय न्हाय. दोरा चांगला हाय. टाकून कशाला द्यायचा?"

घरी येऊन शितलला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अहो, धोंड्याचा महिना लागतोय ना! अंगठीचं माप घेतलं बाबांनी."

ज्येष्ठ अधिक तोंडावर आला होता, आणि अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, जावयाला वाण देतात. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना म्हणजे जावयांची दिवाळी. शितलनं आईला फोन करून खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मामांनी यंदाचे झेंडूचे पैसे बाजूला ठेवले होते. दुभतं जनावर घ्यायला म्हणून ते जमवत आणले होते. आता त्या पैशांची माझ्या बोटात अंगठी येणार. म्हणजे मामींच्या चरवीत पडायचं ते दूध माझ्या बोटावर गोठणार. ती अंगठी घालून मी काट्यावर कुठल्या तोंडानं बसणार होतो?

"नको म्हणून सांगतो," मी म्हणालो.

भिंतीपलीकडून अप्पांच्या बायकोचा, म्हाळसाकाकूंचा, आवाज आला. आमच्या भिंतीला कान आहेतच, शिवाय तोंडही आहे. "नको म्हणू नगं हां, ज्ञानू! धोंड्याचं वाण नाकारलं तर सासू-सासरं जल्मभर जिवाला लावून घेत्यात. ह्या म्हैन्यात जावई म्हंजी साक्षात विष्णू. विष्णू नको म्हनत न्हाई." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मागतो मातुर. आमच्या जावयानं रुसून मोटारसायकल मागितली. द्यावीच लागली. आजून हप्तं भरतोय."

मी आणि शितल एकमेकांकडे बघत राहिलो. मागतो! जावयाला देता येत नाही, पण मागता येतं. आणि मागितलेलं सासऱ्याला नाकारता येत नाही. इतकी वर्षं हा कायदा मोटारसायकली उकळायला वापरला जात होता. म्हाळसाकाकूंच्या त्या जावयाचे मी मनोमन आभार मानले.

दुसऱ्याच दिवशी मी राहूला गेलो. चंद्री संपत नावाच्या शेतकऱ्याकडे होती. नुकतीच व्यालेली, पाठीशी पारडी. तिला बघताच मी नको तितका हसलो असणार, कारण संपतरावांनी तिथंच भाव वाढवला. मामांनी सत्तरला विकलेली म्हैस आता पंच्याऐंशीची झाली होती.

"अहो, तीन वर्षांनी म्हातारी झाली ती, आणि भाव वाढला?"

"तिचं वय बघताय व्हय? तुमचं त्वांड बघून सांगितला भाव," संपतराव प्रामाणिकपणे म्हणाले. "हितनं पुढं जनावर घ्यायला जाताना हसू नगा. पारडी फुकट दिली, जावा."

पंधरा हजार कमी पडत होते. ते अप्पांनी दिले. "ग्रीन सिग्नल! सावकाश दे," असं म्हणून त्यांनी झेंडी हलवल्यासारखा रुमाल हलवला. म्हणजे कर्ज फेडण्यासाठी मी नवीन कर्ज काढलं. हा प्रकार सरकारंही करतात असं ऐकून आहे, त्यामुळे फार वाईट वाटून घेतलं नाही.

धोंड्याच्या जेवणाचा दिवस ठरला. शितल आणि प्रांजल आदल्या दिवशीच गेल्या. मी सकाळी नवा पांढरा शर्ट घालून माऊली टेम्पोवाल्याबरोबर राहूला गेलो. पुढे माऊलीशेजारी बसायचा बेत होता. पण पारडी भेदरली, म्हणून मला तिला धरून मागे उभं राहावं लागलं. भीमेचा पूल येईपर्यंत पारडी माझ्या एका पायावर उभी होती आणि चंद्रीनं दुसऱ्या पायावर आपला अभिप्राय नोंदवला होता. शर्टाचं मी काही बोलत नाही. टेम्पो गावाबाहेर चिंचेखाली लावला. माऊलीला सांगितलं, फोन केला की आण. "लवकर करा भाऊ, मला दुपारी सप्ताहाच्या खुर्च्या न्यायच्यात," तो म्हणाला.

दारात मामा तांब्या-परात घेऊन उभे होते. धोंड्याला जावयाचे पाय धुतात. मी म्हटलं, "मामा, नको, मी धुतो," पण विष्णूचं कोण ऐकतं? ते खाली बसले, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. परातीतलं पाणी हिरवं झालं. मामांनी वाकून बघितलं.

"जावईबापू, हे म्हशीचं श्याण हाय."

"एसटी स्टँडवर पाय पडला."

"ताजं हाय," मामा म्हणाले, आणि बोटांच्या बेचक्यांतून ते स्वच्छ करत राहिले. एवढ्या मायेनं माझे पाय माझ्या आईनंच धुतले असतील. मला तिथंच रडू येत होतं आणि मला तर आता रुसायचं होतं.

रुसण्याचा मला सराव नाही. आमच्या घरात ते खातं शितलकडे आहे. तिनं शिकवल्याप्रमाणे पाटावर बसलो, ताटात धोंडे आले, त्यांवर विकतच्या तुपाची धार आली, तसं मी ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्याकडे मी रागानं बघत राहिलो.

नकुशीआजी जेवायला आली होती, ती म्हणाली, "रुसला गं बया."

मामा माझ्यासमोर येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "काय चुकलं का, जावईबापू? काय कमी पडलं?" त्यांनी खिशातून तो भेळेचा दोरा काढला. "अंगठीचं म्हनत असाल तर सोनाराला सांगून ठिवलंय. उद्या पैसं दिलं की देतोय तो. उलीशी लहान हाय. पन जेवा तुमी."

तो दोरा त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवला. मी तेवढ्यात सगळं सांगून टाकणार होतो, पण शितलनं मागून जोरात चिमटा काढला.

"मला अंगठी नको," मी दिनदर्शिकेला म्हणालो. "मला खुंटा पाहिजे."

"कसला खुंटा?"

"गोठ्यातला. चंद्री बांधायचात तो."

आत चुलीपाशी मामींच्या हातातला झारा थांबला. मामांना काही उमगेना. "त्यो मोकळाच हाय की ओ. त्याचं काय करता?"

"ते माझं मी बघीन. धोंड्याचं वाण म्हणून मला तो खुंटा द्या. कायमचा. नाहीतर मी जेवणार नाही."

मामांनी नकुशीआजीकडे बघितलं. आजीनं विचार केला. असा दाखला तिच्याही माहितीत नसावा. "मागितलंय तर दे बाबा," ती म्हणाली. "दौंडला ऱ्हाऊन डोकं फिरलं आसंल, पन विष्णू हाय."

मामांनी माझ्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं. "दिला," ते म्हणाले. "खुंटा तुमचा."

मी फोन काढणार, तेवढ्यात माऊलीचाच फोन आला. "भाऊ, मी निघालोय. ही बया वळखीची जागा बघून दावं तोडायला लागली." आणि फोनमधून यायच्या आधी रस्त्यावरूनच आवाज आला. म्हैस रेकली, लांबलचक.

मामी चुलीपासून उठल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. हातात झारा, पदर डोक्यावरून घसरलेला, तशाच त्या दाराबाहेर धावल्या. "चंद्रे!" अशी हाक मला ऐकू आली. जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी बाई त्या टेम्पोच्या फळीवर चढून म्हशीच्या मानेला मिठी मारून उभी होती, आणि माऊली बिचारा बाजूला तोंड करून डोळे पुसत म्हणत होता, "काकू, जरा आवरा, खुर्च्या न्यायच्यात."

मामा ओट्यावरच थांबले होते. त्यांनी टेम्पोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जावईबापू, हे मी घ्यायचा न्हाई. लेकीच्या घरचं हाय."

"तुम्हाला देतंय कोण?" मी म्हणालो. "म्हैस माझी. माझ्या दोन खोल्यांत तिला जागा नाही. माझ्या खुंट्याला माझी म्हैस बांधतोय. आता मी राहतो दौंडला, सकाळ-संध्याकाळ धार कोण काढणार, एवढाच प्रश्न आहे."

मामांनी पुन्हा सवयीनं नकुशीआजीकडे बघितलं. आजी आता धोंडा खात होती. "खुंटा जावयाचा, म्हैस जावयाची, वैरण तुजी, धार साखरबाईची," तिनं बोटांवर मोजून सांगितलं. "ह्यात लेकीचं हाय काय? बांध मुकाट्यानं."

मामांनी टोपी काढली, तिच्यानं तोंड पुसलं आणि परत घातली. "मला पाक गुतवलं की ओ तुमी," ते म्हणाले आणि दावं धरायला गेले. चंद्री त्यांच्याआधीच जाऊन खुंट्यापाशी उभी राहिली होती.

प्रवासानं ती बिथरलेली, पान्हा चोरेल असं सगळे म्हणाले. मामी चरवी घेऊन खाली बसल्या, तिच्या पोटाला डोकं टेकवलं आणि तिच्याशी काहीतरी बोलल्या. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. मग रिकाम्या चरवीत पहिली धार वाजली. प्रांजल टाळ्या वाजवत "पाऊस, पाऊस" म्हणाली. शितल माझ्या घाणेरड्या शर्टाच्या बाहीला धरून उभी होती. मला आयुष्यात एवढं श्रीमंत कधी वाटलं नव्हतं, आणि खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे होते.

मामींनी चहा केला. पहिला कप मला दिला, दुसरा मामांना. स्वतःचा त्या चुलीपाशी उभ्या राहूनच प्यायल्या, डोळे मिटून, आणि पुन्हा अर्धा कप ओतून घेतला.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पगार झाल्यावर मी अप्पांचा पहिला हप्ता द्यायला गेलो, तर अप्पा आरामखुर्चीत खवा खात बसलेले. "ज्ञानू, तुझे पैसे पोचले," ते म्हणाले.

"कुणी दिले?"

"तुझे सासरे आले होते रविवारी दूध घेऊन. आमच्या हिच्या तोंडून देण्याचं कळलं त्यांना. म्हणाले, अंगठीचे पैसे आहेत, जावयाचेच आहेत, जावयाच्या देण्याला लागले. पंधरा हजार मोजून दिले. मी नको म्हणत होतो. पण त्यांनी हा खवा आणला होता." अप्पांनी बोट चाटलं. "लाईन क्लिअर."

म्हणजे मी पुन्हा मामांचा देणेकरी. शिवाय दर रविवारी मामा पहिल्या गाडीनं किटलीभर दूध आणतात. पैसे विचारले की म्हणतात, "म्हस कुनाची?" मी "माझी" म्हणतो. "मंग आपल्याच म्हशीच्या दुधाचं पैसं देनार व्हय?" असं विचारून ते किटली रिकामी करतात. शितल मोकळी किटली परत देत नाही, तिच्यात चिवडा भरते. पुढच्या रविवारी चिवड्याच्या जागी दूध आणि वर कढवलेलं तूप येतं.

कालच मी नव्या भिशीत नाव घातलं. सुरुवात म्हणून पंधरा हजारांचं बघू. बाकीचा हिशेब करायला मी एकदा काट्यावर निवांत बसलो होतो, पण जमला नाही. निव्वळ वजन काढायचं तर गाडी एकदा तरी मोकळी परत यावी लागते.